शून्याच्या जागी दोन

३ जून १९८०, मध्यरात्र उलटून गेलेली. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडच्या मुख्यालयात पडद्यावर आकडा उमटला: पाणबुडीवरून सुटलेली दोन क्षेपणास्त्रं अमेरिकेच्या दिशेनं येताहेत. अठरा सेकंदांनी आकडा वाढला. बी-५२ बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना इंजिनं सुरू करायला सांगण्यात आलं. मग नोरॅडला, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण मुख्यालयाला, विचारणा झाली. तिथून उत्तर आलं की आमच्या एकाही रडारला, एकाही उपग्रहाला काहीही दिसत नाहीये. पडद्यावरचे आकडे मात्र नाचतच होते.

तीन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला. शेवटी दोष सापडला तो ४६ सेंट किमतीच्या एका चिपमध्ये.

झालं होतं असं. नोरॅडकडून इतर मुख्यालयांकडे जाणारी लाइन चालू आहे हे कळावं, म्हणून सतत चाचणीचे संदेश सोडले जात. या संदेशाचा साचा खऱ्या इशाऱ्याचाच होता. फरक एवढाच, की क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या रकान्यात शून्यं भरलेली असत. सगळी शून्यं आली की समजायचं, सगळं ठीक. चिप बिघडली आणि काही शून्यांच्या जागी दोन पडू लागले. निघालेला संदेश आणि पोचलेला संदेश एकच आहे का, हे पडताळून पाहायची त्या टप्प्यावर सोयच नव्हती.

रडार ठीक होतं, उपग्रह ठीक होते, माणसं जागी होती आणि शहाणीही होती. बिघाड होता तो दोन मुख्यालयांच्या मधल्या जागेत, सांध्यात. जाळ्यानं जोडलेल्या संरक्षण यंत्रणेत धोका शोधायचा तो तिथे. एकेक यंत्र सुटं काढून तपासलं तर सगळी पास होतात. एकत्र जोडल्यावर जे होतं, ते कुठल्याच यंत्राच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

मग जोडायचंच कशाला? कारण पृथ्वी गोल आहे. समुद्रावरून दहा मीटर उंचीवरून येणारं क्षेपणास्त्र, वीस मीटर उंच डोलकाठीवरच्या रडारला साधारण तीस किलोमीटरवर दिसू लागतं. त्याआधी ते क्षितिजाखाली असतं, रडार कितीही महागडं घ्या. ताशी नऊशे किलोमीटर वेगानं हे अंतर दोन मिनिटांत कापून होतं. तेच रडार नऊ हजार मीटर उंचीवरच्या विमानात बसवलं, तर क्षितिज चारशे किलोमीटरवर जातं आणि दोन मिनिटांची पंचवीसेक मिनिटं होतात. पण विमानाला दिसलेलं जहाजापर्यंत पोचलं तर! ते पोचवणारी साखळी म्हणजेच हे जाळं. एक बघतो, दुसरा ठरवतो, तिसरा डागतो, आणि तिघं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असू शकतात. भारतीय हवाई दलाची आयएसीसीएस किंवा भूदलाची आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या यंत्रणा, दोन्हींच्या मुळाशी कल्पना हीच: वेगवेगळ्या रडारांचं चित्र एका पडद्यावर आणायचं. फायदा इतका उघड आहे की जाळं नकोच असं म्हणणारा आज कुठल्याही सैन्यात सापडायचा नाही. प्रश्न आहे तो जाळ्याबरोबर न मागता काय काय घरात येतं, याचा.

सगळ्यात आधी येतो नावांचा घोळ. ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून जरा थांबून बघू. आकाशातली एक वस्तू दोन जहाजांच्या रडारांना दिसली, की दोघं तिला आपापला क्रमांक देतात. मग डेटा लिंकवरून, म्हणजे जहाजांचे संगणक आपसात जोडणाऱ्या दुव्यावरून, संगणकांना उमगतं की या दोन नव्हेत, एकच आहे. एक क्रमांक ठेवला जातो आणि दुसरा रद्द होतो. रद्द झालेला क्रमांक पुढे भलत्याच वस्तूला मिळू शकतो. ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेनं, बंदर अब्बासहून दुबईकडे निघालेल्या इराण एअरच्या ६५५ क्रमांकाच्या प्रवासी विमानाला ४४७४ हा क्रमांक दिला. साइड्स या दुसऱ्या नौकेनं त्याच विमानाला ४१३१ दिला होता. लिंकवर ४१३१ कायम राहिला. ४४७४ पुढे दूरवरच्या एका वेगळ्याच विमानाला मिळाला, आणि ते विमान खाली उतरत होतं. नौकेवर मात्र ज्यांच्या तोंडी ४४७४ बसला होता, ते ४४७४ चीच चौकशी करत राहिले. नौकेच्या स्वतःच्या एजिस या रडार आणि शस्त्रं जोडणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी नंतर तपासल्या, तर प्रवासी विमान शेवटपर्यंत वर चढत होतं. नियंत्रण कक्षात समज होता तो उलटा, की ते उतरत आपल्या अंगावर येतंय. त्या दिवशी २९० माणसं मेली. या अनर्थाची कारणं अनेक आहेत. नौका तेव्हा इराणी बोटींशी चकमकीत गुंतलेली होती, आणि शत्रू-मित्र ओळखणाऱ्या यंत्राचा एक संकेत धावपट्टीवर उभ्या लढाऊ विमानाचा असण्याची शक्यताही तपासात पुढे आली. तरी क्रमांकाची अदलाबदल मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. यंत्रणा ठरल्याप्रमाणेच वागली होती.

नावानंतर वेळ. दोन रडारांची घड्याळं जुळत नसतील तर एकच विमान पडद्यावर दोन ठिकाणी दिसेल, किंवा दोन विमानं मिळून एक. आज बहुतेक ठिकाणी वेळ जीपीएस उपग्रहांकडून घेतली जाते. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांकडून १३.७ मायक्रोसेकंदांची चुकीची वेळ प्रसारित झाली. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जवळजवळ चौदा. मनगटावरच्या घड्याळाला याचा पत्ताही लागणार नाही. पण प्रकाश तेवढ्यात चार किलोमीटर जातो, आणि रडारचा सगळा हिशेब प्रकाशाच्या वेगावरच चालतो.

तिसरी गोष्ट साथीची. जाळं चांगली माहिती जितक्या वेगानं पसरवतं, तितक्याच वेगानं कचराही पसरवतं. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट हे अमेरिकी संरक्षण खात्याचं जाळं. २७ ऑक्टोबर १९८० रोजी ते कित्येक तास ठप्प झालं. त्या जाळ्यातला प्रत्येक संगणक आपल्या स्थितीचा संदेश शेजाऱ्यांना पाठवी, शेजारी तो पुढे ढकलत. कुठला संदेश ताजा हे कळावं म्हणून त्यावर ० ते ६३ मधला क्रमांक असे, आणि ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळात बारानंतर एक येतो, तसंच. त्या दिवशी एका संगणकातल्या बिघाडामुळे एकाच संदेशाच्या तीन प्रती फिरू लागल्या: ८, ४० आणि ४४. ही गोल मोजणी अशी होती की ४० हा ८ पेक्षा ताजा ठरे, ४४ हा ४० पेक्षा ताजा, आणि वळसा घालून ८ हा ४४ पेक्षा ताजा! दगड, कागद, कात्री. प्रत्येक संगणक प्रामाणिकपणे जुना संदेश टाकून ताजा पुढे पाठवत राहिला, आणि तिघं एकमेकांना हरवत अख्खं जाळं भरून टाकत राहिले. एखादा संगणक बंद करून चालू केला तरी शेजारी त्याला लगेच तेच तीन संदेश देत. शत्रू कुणीच नव्हता. दोन-तीन बिट गळाले होते, इतकंच.

यातून जो उपाय निघतो तो सांगायला सोपा आणि करायला महाग: जाळ्यात भिंती हव्यात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज तरंगतं, तसं. सप्टेंबर १९९७ मध्ये यॉर्कटाउन या अमेरिकी क्रूझरवर कुणीतरी डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरलं, संगणकानं शून्यानं भागाकार करायचा प्रयत्न केला, नेटवर्क कोसळलं आणि इंजिनं बंद पडून जहाज दोन-पावणेतीन तास समुद्रात नुसतं उभं राहिलं. (हे शून्य आपल्याला आज सोडायला तयार नाही.) रकाना भरणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. माणूस कधीतरी शून्य भरणारच. डेटाबेसचा रकाना आणि जहाजाचं इंजिन यांच्यामध्ये भिंत का नव्हती, हे विचारायचं.

आतापर्यंत अपघातांबद्दल बोललो. मुद्दाम घुसणाऱ्याचं गणित वेगळं असतं. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या तपासणी संस्थेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये शस्त्रप्रणालींच्या सायबर सुरक्षेवर अहवाल दिला. त्यात एका चाचणी पथकानं प्रशासकाचा पासवर्ड नऊ सेकंदांत ओळखल्याची नोंद आहे. एका ठिकाणी परीक्षकांनी सैनिकांच्या पडद्यावर ‘पुढे जायचं असेल तर नाणी टाका’ असा संदेश झळकवून दाखवला. आणखी एका प्रणालीत आधी सापडलेल्या २० त्रुटींपैकी एकच दुरुस्त झाली होती. पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाची नोंद वेगळीच आहे. एका प्रणालीत घुसखोरी ओळखणारं सॉफ्टवेअर होतं आणि त्यानं पथकाला पकडलंही. तरी कुणी हललं नाही, कारण तो दिवा कायमच लाल असायचा. लांडगा आला रे आला!

‘आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही’ हे वाक्य अशा चर्चांमध्ये हमखास येतं. २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या गोपनीय जाळ्यात शिरलेला किडा, म्हणजे आपोआप पसरणारं घातक सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवरून आला होता. त्यानंतर तिथे पेन ड्राइव्हवर बंदीच घातली गेली. आणि कधी हल्ला तुमच्यावर होतच नाही, तुम्ही ज्याची सेवा घेता त्याच्यावर होतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरत असताना, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रह सेवेचे हजारो मोडेम निकामी करण्यात आले. युक्रेनचं सैन्य ही सेवा वापरत होतं. उपग्रहाला ओरखडाही आला नाही. जमिनीवरच्या व्यवस्थापन यंत्रणेत शिरून मोडेमना त्यांचंच सॉफ्टवेअर पुसायला लावलं होतं. त्याच वेळी जर्मनीत ५,८०० पवनचक्क्यांशी दूरस्थ संपर्क तुटला, कारण त्याही त्याच उपग्रहावर होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आता या सगळ्याचं व्यवस्थापन करायचं म्हणजे नेमकं काय? कार्यालयांमध्ये एक रंगीत तक्ता लोकप्रिय आहे. आडव्या बाजूला ‘किती शक्यता’, उभ्या बाजूला ‘किती नुकसान’, चौकटींना हिरवा, पिवळा, लाल रंग. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, नाही असं नाही. पण त्यात दोन भोकं आहेत. शक्यता ही फाशांसारखी स्थिर गोष्ट आहे असं तो धरून चालतो. समोर विचार करणारा शत्रू असेल तर तुम्ही हिरव्या रंगवलेल्या चौकटीकडेच तो आधी बघतो, कारण तिथे पहारा नाही हे त्याला ठाऊक असतं. दुसरं भोक असं की तक्त्यात एकेक धोका एकेका ओळीत बसतो, आणि आपण वर बघितलेले सगळे अनर्थ दोन ओळींच्या मध्ये घडलेले आहेत.

म्हणून जाणती माणसं वेगळे प्रश्न विचारतात. हा दुवा तुटला तर पलीकडच्याला ते कळेल का? हा दुवा खोटं बोलू लागला तर? (तुटण्यापेक्षा हे वाईट. तुटलेला फोन कळतो, खोटा निरोप कळत नाही.) आणि दुवा नसताना, ज्याच्या हाताशी शस्त्र आहे त्यानं काय करायचं, हे आधी ठरलंय का?

हा शेवटचा प्रश्न संरक्षणात फार अवघड होतो. रेल्वेत सिग्नल गेला तर गाडी थांबवायची. थांबलेली गाडी सुरक्षित असते. हवाई संरक्षणात अशी सुरक्षित स्थितीच नाही. शंका आली की डागायचं ठरवलं तर आपलीच माणसं मरतात, आणि थांबायचं ठरवलं तर येणारं क्षेपणास्त्र आपटतं. म्हणून बहुतेक सैन्यांत तीन पायऱ्यांचे हुकूम असतात: आपला नाही असं वाटेल त्यावर डागा, शत्रूच आहे अशी खात्री असेल तरच डागा, आणि तिसरा, आदेश आल्याशिवाय किंवा स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय डागूच नका. कुठल्या दिवशी कुठली पायरी, हा जोखमीचा निर्णय असतो आणि तो संगणक घेत नाही.

मार्च २००३ मध्ये इराक युद्धात पेट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणेच्या एका तोफखान्याची संपर्क उपकरणं अजून अमेरिकेहून यायची होती. त्यामुळे तो मोठ्या जाळ्यापासून तुटून एकटा काम करत होता. २३ मार्चच्या पहाटे ब्रिटिश हवाई दलाचं टोर्नेडो विमान मोहिमेवरून कुवेतकडे परतत होतं. त्याचं ओळख सांगणारं यंत्र चालत नव्हतं. पेट्रियटच्या संगणकानं ते रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं. तोफखान्याकडे विचार करायला साधारण एक मिनिट होतं, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. विमानातले दोघंही मारले गेले. २ एप्रिलला अमेरिकी नौदलाचं एफ/ए-१८ विमान पेट्रियटनंच पाडलं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये भारतीय हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला, आणि ती आपली मोठी चूक होती हे हवाई दल प्रमुखांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. आकाशात ताण असतो, पडद्यावर एक ठिपका असतो, आणि तो कोण हे सांगणारा एक दुवा नेमका त्या क्षणी नसतो. एवढं पुरतं.

म्हणून सराव जाळ्याशिवायचाही लागतो. अमेरिकेच्या नौदल अकादमीनं ताऱ्यांवरून दिशा काढायचं शिक्षण बंद केलं होतं. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. ताऱ्यांना कुणी हॅक करू शकत नाही, असं त्यावर गमतीनं म्हटलं जातं. पण सरावाला वेळ लागतो, आणि दुरुस्त्यांनाही. सैन्यातल्या यंत्रणेत नवं सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे मोबाइल अपडेट करणं नव्हे. टाकायचं तर यंत्रणा काही वेळ बंद ठेवावी लागते, आणि नव्या सॉफ्टवेअरनं जुना सांधा निखळणार नाही याची चाचणी घ्यावी लागते. तोवर धोका तसाच राहतो. उरलेला धोका कुणीतरी सहीनिशी पत्करायचा असतो, आणि तो पत्करलाय हे यंत्रापाशी बसलेल्याला कळलं पाहिजे. इथे बहुतेकांची गाडी अडते. त्याचं सगळ्यात जवळून दिसणारं उदाहरण पुन्हा पेट्रियटचंच आहे.

१९९१ चं आखाती युद्ध. पेट्रियटचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजे. आपल्याला ०.१ हा साधा आकडा वाटतो, पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत तो कधीच पूर्ण लिहून होत नाही; आपल्याकडे एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ चालूच राहतं, तसा. पेट्रियट तो २४ बिटांवर तोडत असे. दर वेळी राहणारी चूक नगण्य, पण ती यंत्र चालू असेपर्यंत साचत जाई. आठ तासांनी चूक सेकंदाच्या तीन शतांशांहून कमी. शंभर तासांनी सेकंदाचा एक तृतीयांश. रडार पुढच्या क्षणी आकाशाच्या ज्या तुकड्यात क्षेपणास्त्र शोधायचं, तो तुकडा या चुकीमुळे सरकायचा. शंभर तासांनी तो ६८७ मीटर सरकलेला असे.

ही यंत्रणा मुळात फिरती होती, एका जागी काही तास चालवून पुढे हलवण्यासाठी बनवलेली. इस्रायलमध्ये ती वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की सलग आठ तासांनंतर नेम ढळतो. ११ फेब्रुवारीला हे अमेरिकेत कळलं. दुरुस्ती लिहायला घेतली आणि १६ फेब्रुवारीला सुधारित सॉफ्टवेअर रवानाही झालं. २१ फेब्रुवारीला सगळ्या तोफखान्यांना निरोप गेला, की यंत्र फार काळ सलग चालवल्यास शोधाची जागा सरकू शकते, सुधारणा येत आहे.

कागदावर बघाल तर काहीच राहिलं नव्हतं. धोका सापडला, नोंदवला गेला, दुरुस्ती निघाली, इशारा पोचला. निरोपात एकच गोष्ट नव्हती: ‘फार काळ’ म्हणजे किती तास. इतका वेळ सलग कुणी चालवणार नाही, असं पाठवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. सौदी अरेबियातल्या दहरानचा तोफखाना शंभराहून जास्त तास बंद झालाच नव्हता. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला साठ ते नव्वद सेकंद लागत, आणि तेवढ्यानं घड्याळ शून्यावर आलं असतं. २५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी इराकचं स्कड क्षेपणास्त्र आलं. रडारनं भलत्याच जागी शोधलं आणि तिथे काहीच नाही असा निष्कर्ष काढला. बराकीवर पडलेल्या त्या क्षेपणास्त्रानं २८ अमेरिकी सैनिक मारले.

सुधारित सॉफ्टवेअर दहरानला २६ तारखेला पोचलं.